पुरस्कार मिळाला, तर परवा सकाळी काय?

"मॅडम, सगळ्यांना काही ना काही मिळतंय. मीच मागे राहिले."

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, स्त्री-अभ्यास, समाजकार्य अशा विषयांत पीएच.डी. करणारी मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. कुणाच्या मैत्रिणीला दिल्लीत इंटर्नशिप मिळालेली असते. कुणाच्या बरोबरच्याने परिषदेत उत्कृष्ट शोधनिबंधाचं पारितोषिक घेतलेलं असतं. कुणी परदेशातल्या उन्हाळी कार्यशाळेचे फोटो स्टेटसला टाकलेले असतात, आणि ते रात्री साडेअकराला बघून हिची किंवा याची झोप उडालेली असते. गेल्या वर्षभरात हे इतक्या जणांकडून ऐकलं, की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

वैशालीची गोष्ट सांगते. नाव बदललेलं आहे, आणि दोन-तीन जणींचे तपशील एकमेकींत मिसळले आहेत. वैशाली मराठवाड्यातली, समाजशास्त्राची, पीएच.डी.च्या पाचव्या वर्षात. विषय एसटीतल्या महिला कंडक्टर. वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे डेपोचं जग तिने लहानपणापासून पाहिलेलं.

पहिल्या भेटीत मी तिला 'तुम्ही' म्हणाले, तर तिने लगेच थांबवलं. "तूच म्हणा मॅडम, नाहीतर व्हायवा चाललाय असं वाटतं." मग तिने मोबाइलवर एक तक्ता उघडून माझ्यासमोर धरला. तक्त्याचं नाव 'संधी'. त्यात त्रेसष्ट ओळी होत्या. पुरस्कार, निबंधस्पर्धा, इंटर्नशिप, परिषदा, कार्यशाळा, प्रत्येकीची शेवटची तारीख, शुल्क, अर्जाची स्थिती. हिरवा, पिवळा, लाल रंग. सात महिन्यांत एकोणीस अर्ज, चार परिषदा, दोन ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स.

"आणि प्रबंध?"

"तिसरं प्रकरण चालू आहे."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून." तेव्हा जून सुरू होता.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न वाटला होता. वेळापत्रक करून द्यावं, अर्ज कमी करायला सांगावं, इतकं सोपं ते दिसत होतं. पण ज्या बाईने त्रेसष्ट ओळींचा तक्ता एक दिवसही न चुकवता सांभाळलाय, तिला नियोजन जमत नाही असं कसं म्हणायचं? तिचं नियोजन उत्तम होतं. ते कुणाच्या रक्षणासाठी उभं आहे, एवढंच कळत नव्हतं.

माझा कल आल्फ्रेड ॲडलरच्या विचाराकडे आहे. व्हिएन्नाचा हा डॉक्टर 1911मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यापासून वेगळा झाला. आपण 'न्यूनगंड' हा शब्द सहज वापरतो, त्यामागची कल्पना त्याची. माणूस असा का वागतो याचं उत्तर भूतकाळात खणत बसण्यापेक्षा, या वागण्यातून तो काय साधतोय ते बघा, असं त्याचं म्हणणं. आणि त्याचा एक आवडता प्रश्न होता. रुग्णाला तो विचारायचा, 'तुम्ही बरे झालात, तर काय कराल?' जे उत्तर येतं, बहुतेक वेळा नेमकं तेच काम माणूस टाळत असतो. अठरा वर्षं मी हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतेय आणि त्याने मला क्वचितच रिकाम्या हाताने परत पाठवलंय.

तिसऱ्या भेटीत वैशाली फार निराश होऊन आली. एका निबंधस्पर्धेच्या निकालात तिचं नाव नव्हतं. मी तिला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "समज, तो पुरस्कार उद्या तुला मिळाला. उद्याचा दिवस आनंदात जाईल, फोन येतील, पेढे वाटशील. परवा सकाळी उठल्यावर काय करशील?"

"म्हणजे?"

"आज करत नाहीस असं काय करशील?"

ती हसली. "बाबा सर्टिफिकेट लॅमिनेट करून शोकेसमध्ये लावतील."

"ते बाबा करतील. तू?"

ती गप्प झाली. बाहेर पावसाची सर येऊन गेली, खोलीतला पंखा तेवढा वाजत होता. अशा शांततेत समुपदेशकाच्या जिभेवर शब्द येतात, ते गिळायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या दिवशी मी ते गिळले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "परवा सकाळी मी गाइड मॅडमना तिसरं प्रकरण पाठवीन."

आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. तिचा हात तोंडाकडे गेला.

"प्रकरण तयार आहे का वैशाली?"

"ऐंशी पानं आहेत. फेब्रुवारीपासून पडून आहेत."

'चालू आहे' म्हणून सांगितलेलं प्रकरण चार महिन्यांपूर्वीच लिहून झालं होतं. तिने ते कुणालाच दाखवलं नव्हतं.

"मॅडमनी वाचलं तर काय होईल असं वाटतं?"

"त्या म्हणतील, यात थिअरी कुठाय? या तर नुसत्या बायकांच्या गप्पा आहेत. मी मराठी माध्यमातली, मला ते इंग्रजी सिद्धान्त पेलत नाहीत, हे त्यांना कळेल."

"आणि पुरस्कार मिळाल्यावर?"

"मग त्यांना तसं म्हणता येणार नाही ना."

त्या वाक्यापाशी मला तिचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचता आला. प्रत्येक ओळ म्हणजे गाइडच्या टेबलावर कागद ठेवण्याआधी हवं असलेलं संरक्षण होतं. आधी बाहेरच्या कुणी 'तू चांगली आहेस' म्हणावं, मग जिच्या मताने खरोखर फरक पडतो तिच्यासमोर जावं. मुलांना बक्षिसांची हाव सुटली आहे, ती करिअरवेडी झाली आहेत, असं शिक्षक आणि पालक तक्रारीने म्हणतात, ते मला म्हणूनच पटत नाही. पीएच.डी. हे काम असं आहे, की वर्षानुवर्षं कुणी 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतच नाही. एम.ए.पर्यंत दर सहा महिन्यांनी निकाल हातात पडण्याची सवय लागलेली असते. इथे चार-चार वर्षं निकालच लागत नाही, आणि घरी प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं, "किती राहिलं अजून?" अर्ज तीन दिवसांत भरून होतो, त्याची पोच येते, कधी सर्टिफिकेटही येतं. उपाशी माणसाला एवढंही खूप होतं.

निघताना वैशालीच म्हणाली, "मॅडम, साध्या गाडीला 'हात दाखवा, गाडी थांबवा' असतं. बाबा म्हणायचे, रातराणीला कुणी कितीही हात दाखवू दे, ती थांबत नाही. मी निघाले रातराणी म्हणून, आणि दिसेल त्या हाताला थांबतेय." उपमा मी द्यावी आणि तिने मान डोलवावी, त्यापेक्षा ती तिच्या घरातून आली याचा मला फार आनंद झाला.

पण मी काही तिला तक्ता फेकून द्यायला सांगितलं नाही. संधी खऱ्याच असतात, काही तर आयुष्य बदलतात. पुढच्या दोन भेटी आम्ही त्या त्रेसष्ट ओळींवरच बसलो, आणि त्यातून जे निघालं ते इतरांच्याही उपयोगाचं आहे.

सगळ्यांत आधी पैसे मागणारे पुरस्कार गेले. 'आपली यंग रिसर्चर पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क अमुक हजार भरा,' अशा मेल सगळ्यांनाच येतात. तुमची ओळही न वाचता निवड करणाऱ्याला तुमच्या कामाबद्दल काही म्हणायचंच नसतं. हे पुरस्कार मुलाखतीत मदत करत नाहीत, जाणकार निवड समितीपुढे उलट अडचण करतात. नऊ ओळी एका झटक्यात पुसल्या.

मग उरलेल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: यासाठी जे लागेल ते प्रबंधातूनच येणार आहे, की प्रबंध बाजूला ठेवून वेगळं करावं लागणार आहे? उदाहरणार्थ, समाजशास्त्रज्ञ जी. एस. घुर्ये यांनी 1951मध्ये मुंबईत स्थापन केलेली इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी तरुण अभ्यासकाच्या शोधनिबंधासाठी एम. एन. श्रीनिवास यांच्या नावाचं पारितोषिक देते. असं पारितोषिक लिहून झालेलं काम मागतं. म्हणजे वैशालीसाठी तिथला रस्ता तिसऱ्या प्रकरणावरूनच जात होता, ते टाळून नव्हे.

कार्यशाळांचं गणित वर्षावर ठरतं. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएसएसआरच्या अनुदानावर ठिकठिकाणची विद्यापीठं पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचे संशोधन पद्धतीचे अभ्यासक्रम घेतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षात ते जरूर करावेत, तिथे भेटलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतात. पाचव्या वर्षात, क्षेत्रकार्य संपल्यावर, पुन्हा प्रश्नावली कशी करायची हे शिकायला कुणी निघालं, तर तिथे शिकायला चाललोय की लपायला, हे स्वतःला विचारावं.

इंटर्नशिपचं तसंच. नीती आयोगाची इंटर्नशिप किमान सहा आठवडे ते जास्तीत जास्त सहा महिन्यांची, आणि बिनपगारी. पुढे धोरण-संशोधनात जायचं असेल तर अनुभव मोलाचा आहे. पण दिल्लीतली खोली, जेवण, प्रवास हा खर्च घरचा. फेलोशिप घेत असाल तर तिच्या अटींत दुसरीकडे काम करणं बसतं का, हे विद्यापीठाच्या पीएच.डी. कक्षाला लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालतंय' पुढे कुणी मान्य करत नाही. परदेशातल्या फेलोशिपचा विचार तर खूप आधी हवा. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप भारतात पीएच.डी.साठी नोंदणी झालेल्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत संशोधन करू देते, पण अर्जापासून विमानात बसेपर्यंत साधारण वर्ष जातं. दोन दिवसांत घाईने भरलेला अर्ज तिथे टिकत नाही.

या धावपळीमागे एक जुनी भीती असते, तीही सांगते. "पेपर छापला नाही आणि परिषदांत सादर केला नाही, तर प्रबंधच घेत नाहीत ना?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे युजीसीच्या 2016च्या नियमांत ती अट होती. नोव्हेंबर 2022च्या नियमावलीत ती काढली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट मात्र असू शकते, म्हणून तुमच्या नोंदणीला लागू असलेला अध्यादेश एकदा मिळवून स्वतः वाचा. त्याच नियमावलीत पीएच.डी.ची मुदत कोर्सवर्कसह किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे, पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढू शकते, महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि महिलांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही आहे. हे ऐकल्यावर समोरच्या मुलीचे खांदे खाली येताना मी कितीदा तरी पाहिले आहेत.

परिषदांबद्दल मी वैशालीला एक गृहपाठ दिला. पुढच्या परिषदेला जाताना एकच प्रश्न घेऊन जा, जो तुझ्या प्रकरणात खरोखर अडलाय, आणि तो तिथल्या दोन माणसांना विचार. ती मराठीतल्या एका अधिवेशनाला गेली, तिथे मराठीत बोलली, आणि चहाच्या वेळी एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तिला तुझी माणसं रात्री कुठे राहतात हे आणखी सांग, म्हणून अर्धा तास थांबवून घेतलं. सर्टिफिकेट आणायचं ती विसरली.

इथे एक गोष्ट मध्येच, पण आवर्जून. झोप दोन आठवड्यांहून जास्त काळ उडालेली असेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर अर्ज आणि प्रकरणं दोन्ही बाजूला ठेवा आणि मदत घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

ऑगस्टमध्ये वैशालीने प्रकरण पाठवलं. संपूर्ण ऐंशी पानं एकदम पाठवायला ती धजत नव्हती, म्हणून आम्ही मुक्कामी गाड्यांवरची बावीस पानं ठरवली. मेल पाठवताना ती माझ्यासमोर बसली होती. बोटं थरथरत होती, पण बटण तिने स्वतः दाबलं.

अकरा दिवसांनी पानं परत आली, समासात पेन्सिलीच्या खुणा भरलेली. 'थिअरी कुठाय' असं एका ठिकाणी होतंच. त्याखाली दोन लेखांची नावंही होती. आणि सोळाव्या पानावर, जिथे एक कंडक्टर सांगते की मुक्कामाच्या गावी खोली एकच असल्याने ती दोन वर्षं गाडीतल्या मागच्या सीटवर झोपली, तिथे मॅडमनी लिहिलं होतं: 'हे पान प्रकरणाच्या सुरुवातीला घे.'

ते पान तिने त्या रात्री फोनवर वडिलांना वाचून दाखवलं. तिचं लेखन त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या गाडीवर शेवटची दोन वर्षं एक बाई होत्या. मुक्कामाला त्या कुठं झोपायच्या, मी कधी विचारलंच नाही गं."