सात निवडक खेळाडू आणि सतरा विजय

नमस्कार ताई,

तुमचे पत्र आणि त्यासोबत पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो, दोन्ही मी सावकाश पाहिले. तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, अकरावी विज्ञान शाखेत शिकतो, त्याची उंची सहा फूट दोन इंच आहे आणि शालेय राज्यस्तरीय बास्केटबॉल स्पर्धेत तो नाशिक विभागाकडून खेळला आहे. गेल्या दोन महिन्यांत त्याने सरावाला जाणे जवळजवळ बंद केले आहे आणि कारण विचारले की तो ही वही पुढे करतो. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेतील मिनेसोटा टिंबरवुल्व्ज या संघातील २०१०-११ च्या मोसमातले सात खेळाडू त्याने एकाखाली एक लिहिले आहेत. डावीकडे प्रत्येकाचा निवडीचा क्रमांक आणि उजवीकडे, एक नाव सोडून सर्वांपुढे, लाल शाईने "वाया" हा शब्द. "हे वाया गेले, तर माझे काय होणार?" असे तो म्हणतो. त्याच्या वडिलांना वाटते की आता खेळ सोडून सीईटीच्या अभ्यासाला लागावे. तुमचा प्रश्न असा आहे की अंगात गुण असूनही मुले वाया जातात ती आळसामुळे की नशिबामुळे, आणि आईवडिलांनी अशा वेळी काय करावे.

त्याने निवडलेले उदाहरण फार नेमके आहे, म्हणून मला त्या वहीपासूनच सुरुवात करायची आहे. एनबीएमध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंची क्रमवार निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि त्या वर्षीच्या उमेदवारांत ज्याच्याकडून सर्वांत मोठ्या अपेक्षा असतात तो वरच्या क्रमांकावर जातो. टिंबरवुल्व्जच्या त्या एका संघात दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेलेले दोघे होते, डार्को मिलिचिच आणि मायकेल बीझली. चौथ्या क्रमांकाचा वेस्ली जॉन्सन, पाचव्याचा केव्हिन लव्ह, सहाव्याचे जॉनी फ्लिन आणि मार्टेल वेबस्टर, आणि सातव्याचा कोरी ब्रुअर. वेगवेगळ्या वर्षांच्या ड्राफ्टमधील पहिल्या सातांत आलेले सात खेळाडू एकाच संघात असूनही त्या मोसमात संघाने ८२ पैकी फक्त १७ सामने जिंकले. त्याआधीच्या मोसमात १५ जिंकले होते. हे सातही जण एकाच वेळी आळशी झाले असतील, असे मला वाटत नाही आणि तुम्हालाही वाटू नये.

फ्लिनचे उदाहरण मी जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रातील दोन गोष्टींशी त्याचा थेट संबंध आहे. मार्च २००९ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाकडून खेळताना त्याने सहा वेळा जादा वेळ द्यावा लागलेला एक सामना खेळला. तो सामना ७० मिनिटांचा झाला आणि त्यांतील ६७ मिनिटे हा मुलगा मैदानात होता. चेंडू स्वतःच्या हातात ठेवून, सहकाऱ्याने उभ्या केलेल्या आडोशाच्या कडेने वेगाने आत घुसणे, हे त्याचे बळ होते. मिनेसोटाचे तेव्हाचे व्यवस्थापक डेव्हिड कान यांनी त्या वर्षी पाचव्या क्रमांकावर रिकी रुबियो आणि सहाव्यावर फ्लिन असे एकाच जागेवर खेळणारे दोघे लागोपाठ निवडले. प्रशिक्षक कर्ट रॅम्बिस यांनी जी त्रिकोणी पद्धत आणली, तिच्यात तीन खेळाडू मैदानाच्या एका बाजूला त्रिकोण करून उभे राहतात, चेंडू पासने फिरतो आणि एका गार्डने, म्हणजे चेंडू हाताळून खेळ पुढे नेणाऱ्या खेळाडूने, तो फार वेळ हातात ठेवायचा नसतो. म्हणजे ज्या कौशल्यासाठी फ्लिनला घेतले, त्याच कौशल्याला त्या पद्धतीत जागा कमी होती. तरीही पहिल्या मोसमात त्याने सरासरी १३ हून अधिक गुण केले. मग २०१० च्या उन्हाळ्यात त्याच्या कमरेच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली, तो परतला तेव्हा पूर्वीचा वेग राहिला नव्हता आणि एनबीएमधील त्याची कारकीर्द तीन मोसमांत संपली. या सगळ्याला लाल शाईतला तो एक शब्द पुरत नाही.

आता त्याच ड्राफ्टमधील सातव्या क्रमांकाचा खेळाडू पाहा. तो स्टीफन करी. २०११-१२ च्या छोट्या मोसमात घोट्याच्या दुखापतींमुळे तो ६६ पैकी केवळ २६ सामने खेळू शकला आणि त्याच्या घोट्यावर सलग दोन वर्षे शस्त्रक्रिया झाल्या. त्या वेळी कोणी अशीच वही केली असती, तर करीचे नावही बहुधा त्याच रकान्यात गेले असते. गोल्डन स्टेट संघाने मात्र २०१२ मध्ये त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, घोट्यावरचा भार कमी व्हावा म्हणून त्याच्या कंबरेची आणि मांड्यांची ताकद वाढवण्यावर मेहनत घेतली आणि खेळही त्याच्या नेमबाजीला धरून बसवला. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षे तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. करीची गुणवत्ता असामान्य आहेच. पण दुखऱ्या पायाच्या माणसाला दोन वर्षे सांभाळून घेणारी माणसे त्याच्या भोवती होती, हेही तितकेच खरे आहे.

यावर तुमचा मुलगा म्हणेल की मग सगळे संघावरच अवलंबून आहे, खेळाडूच्या हातात काहीच नाही. तसेही नाही. मिलिचिचला २००३ मध्ये अठराव्या वर्षी डेट्रॉइट संघाने घेतले, आणि त्याच्या मागून कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड निवडले गेले. डेट्रॉइटचा संघ तेव्हा इतका भक्कम होता की त्याने त्याच मोसमात विजेतेपद मिळवले, आणि या मुलाच्या वाट्याला सामन्यामागे सरासरी पाच मिनिटेही आली नाहीत. परक्या देशात, परक्या भाषेत, अठरा वर्षांच्या मुलाने बाकावर बसून काय शिकावे? पण पुढे मोठेपणी मिलिचिचने स्वतःच मुलाखतींतून कबूल केले आहे की आपण त्या वयात दोष नेहमी दुसऱ्यांना दिला आणि हवे तेवढे कष्ट घेतले नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आज तो सर्बियात सफरचंदाची बाग करतो, आणि त्या आयुष्याला वाया गेलेले म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही असे मला मनापासून वाटते.

बीझली दोन जागांच्या मध्ये अडकलेला खेळाडू होता आणि त्याची जी नैसर्गिक जागा होती तिथे मिनेसोटात लव्ह आधीच उभा होता. जॉन्सनला घेतले तेव्हा तो तेवीस वर्षांचा व्हायला आला होता, म्हणजे त्याच्यात फार वाढ व्हायची बाकी नव्हती. ब्रुअरबद्दल मात्र तुमच्या मुलाची नोंद चुकली आहे. २०११ मध्ये मिनेसोटाने त्याला अदलाबदलीत दुसऱ्या संघाला दिले, त्याच मोसमाच्या अखेरीस तो डॅलसच्या विजेत्या संघात होता, आणि २०१३ मध्ये तो पुन्हा मिनेसोटात आला. आता प्रशिक्षक रिक अ‍ॅडलमन होते. प्रतिस्पर्ध्याने बास्केटकडे चेंडू टाकला की ब्रुअर उलट दिशेला धावत सुटायचा, आणि लव्ह रिबाउंड, म्हणजे बास्केटवरून परत उसळलेला चेंडू, घेऊन संपूर्ण मैदान ओलांडणारा लांब पास त्याच्या हातात टाकायचा. या माणसाचे पाय न थकता धावतात, एवढी एक गोष्ट ओळखून खेळी बसवली होती. ११ एप्रिल २०१४ रोजी, टिंबरवुल्व्जच्याच गणवेशात, त्याने ह्यूस्टनविरुद्ध एका सामन्यात ५१ गुण केले.

लव्हच्या नावापुढे मुलाने काहीच लिहिलेले नाही. १७ विजयांच्या त्याच मोसमात, १२ नोव्हेंबर २०१० रोजी, लव्हने न्यूयॉर्कविरुद्ध ३१ गुण आणि ३१ रिबाउंड अशी कामगिरी केली, जी १९८२ नंतर कोणाला जमली नव्हती. संघ हरत असतानाही एकाची वाढ होऊ शकते, हे त्या रिकाम्या जागेत लिहायला हरकत नाही.

आता तुमच्या घराकडे येतो. तुमच्या पत्रात दोन वाक्ये तुम्ही सहज लिहून गेला आहात, पण माझ्या दृष्टीने पत्राचा गाभा तिथेच आहे. एक, कनिष्ठ महाविद्यालयात आल्यावर उंचीमुळे त्याला सेंटर म्हणून बास्केटखाली उभे करतात, शाळेत मात्र तो चेंडू हाताळणारा गार्ड होता. दोन, तो ट्रॅकपँटच्या आत गुडघ्याला पट्टा बांधतो आणि जिना उतरताना कठड्याला धरतो.

काही वर्षांपूर्वी एक वडील आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा कसा आळशी झाला आहे हे ते पाऊण तास सांगत होते, आणि तो समोरच्या खुर्चीत एक पाय सरळ लांब ठेवून बसला होता. मी त्याला उठून उकिडवे बसून दाखवायला सांगितले. तो अर्ध्यावर थांबला आणि वडिलांकडे पाहू लागला. त्या घरात पायाचे दुखणे दीड वर्ष कोणाला कळलेच नव्हते, कारण सांगितले तर खेळ बंद होईल या भीतीने मुलगा गप्प होता, आणि मग दुखण्यामुळे सराव टळू लागला तेव्हा त्याला आळस हे नाव मिळाले. तुमच्या मुलाच्या बाबतीत असेच आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही, पण या आठवड्यातच त्याला अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, शक्यतो खेळाडूंवर उपचार करणारे फिजिओथेरपिस्टही पाहतील असे बघा, आणि तपासणीपूर्वी त्याला स्पष्ट सांगा की तपासणीत काहीही निघाले तरी खेळायचे की नाही हे त्याला विचारूनच ठरेल.

त्यानंतर प्रशिक्षकांना भेटा. तक्रार म्हणून नव्हे, तर तीन गोष्टी विचारण्यासाठी: पुढील दोन वर्षांत याला कोणत्या जागेवर घडवण्याचा विचार आहे, आठवड्याला त्या कौशल्याचा स्वतंत्र सराव किती होईल, आणि सामन्यात त्याला प्रत्यक्ष किती मिनिटे मिळतील. सहा फूट दोन इंच ही उंची शालेय पातळीवर सेंटरची वाटते, पण वरिष्ठ पातळीवर ती गार्डचीच आहे; आज बास्केटखाली उभा केलेला मुलगा चार वर्षांनी चेंडू हाताळणे विसरलेला असेल आणि सेंटर म्हणून बुटका ठरेल. प्रशिक्षकांना हे पटत नसेल, तर शहरातील दुसऱ्या क्लबचा विचार करण्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही.

त्याच्या वडिलांची काळजी रास्त आहे आणि ती मी टाळणार नाही. एनबीएच्या तीस संघांत मिळून नियमित जागा साधारण साडेचारशे आहेत. पंजाबमधील बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, भारतात जन्मलेला असा तो पहिलाच, पण एनबीएचा एकही नियमित सामना त्याला खेळायला मिळाला नाही. म्हणून त्या स्वप्नावर घराचे गणित मांडू नका. मात्र रेल्वे, सेनादले आणि काही बँका बास्केटबॉलपटूंना नोकरी देतात, राज्य शासनाच्या सेवेत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि दहावी-बारावीच्या मुलांना क्रीडा सवलतीचे गुणही मिळतात. यांपैकी कोणत्या पातळीचे प्रमाणपत्र कुठे चालते हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात समक्ष विचारा, कारण नोकरीच्या वेळी प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि अनेक मुलांकडे तेव्हा मूळ कागदच नसतो. विज्ञान शाखा तूर्त बदलू नका. क्लासचे तास आजच्या निम्म्यावर आणता येतील का ते पाहा, आणि बारावीनंतर असे महाविद्यालय निवडा ज्याचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खरोखर उतरतो, म्हणजे विद्यापीठाच्या संघाची दारे उघडी राहतील. फिजिओथेरपी हा त्याच्या शाखेतून जाणारा आणि खेळाशी नाते टिकवणारा मार्ग आहे, आणि प्रशिक्षक व्हायचे वाटले तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत बास्केटबॉलचा पदविका अभ्यासक्रम आहे.

वहीचे ते पान फाडू नका. त्याला उजवीकडे "का?" असा तिसरा रकाना आखायला सांगा आणि प्रत्येक नावापुढे प्रशिक्षक कोण होते, मैदानात किती मिनिटे मिळाली, दुखापत कोणती झाली आणि पुढे तो काय करू लागला हे शोधून लिहू द्या, वेबस्टरची पाठीची दुखापत मी मुद्दाम त्याच्यासाठी सोडली आहे. डॉक्टरांचा अहवाल हाती आला की तुम्ही तिघेही भेटायला या. येताना तो अहवाल, आजवरची सर्व क्रीडा प्रमाणपत्रे मूळ प्रतींसह, अकरावीच्या सहामाहीची गुणपत्रिका आणि ती वही आणा. पहिली वीस मिनिटे मी त्याच्याशी एकट्याशी बोलेन, याची कल्पना त्याला आधी द्या.

तुमचा,
मार्गदर्शक