फोड गेला, पण तपासणी राहिली

‘ताई, मी २२ वर्षांचा, पुण्यात रूमवर राहून शिकतो. दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणीबरोबर निरोध न वापरता संबंध आला. तीनेक आठवड्यांनी लिंगावर फोड आला, दुखत नव्हता. रूममेटनं मेडिकलमधून गोळ्या आणल्या, फोड गेला. आता काळजी नाही ना? घरच्या डॉक्टरांकडे कसा जाऊ? ते बाबांचे मित्र.’

बाळा, काळजी आहे, आणि तू विचारलंस हे फार बरं केलंस. न दुखणारा फोड सिफिलिसचा असू शकतो. जुनी माणसं त्याला गरमी म्हणायची. तो फोड औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो, आणि पोरं इथंच फसतात. जखम दिसेनाशी होते, जंतू अंगात राहतो. पुढं तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. तसंच अंगावर काढलं तर काही वर्षांनी मेंदू, हृदय, डोळे धरतो.

तुला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. ते रक्त सांगेल. ससूनच्या सरकारी रुग्णालयात जा, केसपेपर काढ आणि त्वचा व गुप्तरोग विभागात दाखव. लाजून ‘खाज येते’ म्हणू नकोस, घडलं ते तसंच सांग. गोळ्यांची रिकामी पट्टी असेल तर सोबत ने. सिफिलिस निघालाच, तर सुरुवातीला बहुतेकदा पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं. एचआयव्हीची तपासणी तिथल्याच आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते. संबंधाला तीन महिने झाले की ती पुन्हा कर. तू सज्ञान आहेस, घरी कुणी फोन करत नाही. एचआयव्हीचा रिपोर्ट गुप्त ठेवणं तर २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. जायचा धीर होत नसेल तर आधी १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन कर, पैसे पडत नाहीत.

मैत्रिणीबद्दल तू पत्रात अवघी एक ओळ लिहिलीस, ते मला खुपलं. बाईला असा फोड आतही येऊ शकतो, मग तिला तो दिसतही नाही. तिला आजच सांग. कुणामुळं झालं हा वाद काढू नकोस. ‘मला असं झालं होतं, मी तपासायला चाललोय, तूही चल’ एवढंच म्हण. दोघांचे रिपोर्ट येऊन लागतील ते उपचार पुरे होईपर्यंत संबंध नको. नंतर दर वेळी निरोध, आणि त्यावर खोबरेल तेल लावू नका, तेलानं रबर फाटतं.

उद्या पहिलं लेक्चर बुडलं तरी चालेल.