एक चमचा इसबगोल का पुरत नाही?

प्रश्न : वय ५४. पाच-सहा वर्षं बद्धकोष्ठ आहे. दोन-तीन दिवसांनी एकदा, तेही कुंथून, खडे पडतात. रोज रात्री चहाचा एक चमचा इसबगोल अर्धा कप कोमट दुधातून घेतोय. पंधरा दिवस झाले, काही फरक नाही. बंद करू का?

बंद नको, वाढवा. इसबगोल भलतंच हलकं असतं. चहाचा सपाट चमचा घरच्या काट्यावर ठेवून पाहा, दोन ग्रॅमच्या आसपास भरेल. ज्या अभ्यासांत त्याचा चांगला गुण आला, तिथे रोज दहा ग्रॅमपेक्षा जास्त आणि किमान चार आठवडे दिलं होतं. म्हणजे तुमचा डोस जेमतेम पाचवा हिस्सा आणि मुदत अर्धी!

एक प्रयोग करा. ग्लासभर पाण्यात मोठा चमचाभर इसबगोल टाकून दहा मिनिटं तसंच ठेवा. बुळबुळीत लगदा होईल. पोटातही हेच होतं. मोठ्या आतड्यातले जीवाणू बाकीचे बरेच विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, तंतू (फायबर) खाऊन संपवतात, पण इसबगोल त्यांना फारसं पचत नाही. त्यामुळे त्याने धरून ठेवलेलं पाणी शेवटपर्यंत टिकतं आणि मळ मऊ होऊन पुढे सरकतो. आता सांगा, अर्धा कप दुधात ते काय धरून ठेवणार?

पहिला आठवडा जेवणाचा एक सपाट मोठा चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, रात्रीच्या जेवणानंतर. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळीही तेवढंच, आणि सोसलं तर पुढे आणखी अर्धा-एक चमचा. दर वेळी अडीचशे मिली पाणी. ढवळलं की लगेच प्यायचं, कारण घट्ट झालेलं इसबगोल घशात अडकू शकतं. घेऊन लगेच आडवं होऊ नका. गिळायला त्रास होणाऱ्यांनी ते घेऊच नये. थायरॉईडची किंवा इतर गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : सूनबाई म्हणतात, गव्हाने पोट बांधतं, ज्वारीची भाकरीच खा. मला पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

खुशाल पोळी खा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण दहा ग्रॅम तंतू आहेत आणि गव्हाच्या पिठात अकराच्या आसपास. पांढऱ्या तांदळात मात्र तीनसुद्धा नाहीत. खरी गडबड चाळणीत आहे. पोळी मऊ व्हावी म्हणून आपण बारीक चाळणीने कोंडा काढतो आणि मग तोच कोंडा दुकानातून पाकिटात विकत आणतो. दळण आणा, खडे-कचरा पाहा, पण कोंडा पिठातच राहू द्या.

भाकरी-पोळीच्या वादापेक्षा ताटात उसळ आहे का ते बघा. मटकी, हरभरे यांत तंतू धान्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. पेरू बियांसकट खा. उपवासाच्या साबुदाण्यात मात्र तंतू जवळजवळ नाहीतच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ केल्यावर द्वादशीला कुंथणारे पेशंट मी नेहमी पाहतो.

प्रश्न : उसळी वाढवल्या आणि पोट नगाऱ्यासारखं झालं.

एकदम वाढवल्या असतील. निम्म्यावर या, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. गॅसेसचा त्रास होणाऱ्यांना कोंड्यापेक्षा इसबगोल सोसतं.

प्रश्न : वय ३६. उसळ, फळं, पाणी सगळं नीट. इसबगोल तीन महिने पूर्ण डोसमध्ये घेतलं. रोज अर्धा तास बसते, मळ मऊ असतो, पण दाराशीच अडकल्यासारखा वाटतो. कधी कधी बोटाने दाब द्यावा लागतो. सांगायलाही लाज वाटते.

बरं झालं लिहिलंत. बोटाची गोष्ट पेशंट सहसा आपणहून सांगत नाहीत आणि निदान तिथेच अडतं.

तुमच्या आहारात खोट दिसत नाही. शौचाच्या वेळी पोटाने जोर द्यायचा असतो आणि गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे असतात. काहींचे ते नेमके त्याच वेळी आवळले जातात. गर्दीच्या लोकलमध्ये दारातली माणसं बाजूला होत नसतील, तर मागून कितीही रेटा, कुणी उतरत नाही. त्यात आणखी तंतू म्हणजे मागची गर्दी वाढवणं. जर्मनीत १९९७ मध्ये १४९ बद्धकोष्ठाच्या रुग्णांना इसबगोल दिलं. तपासण्यांत काही दोष न सापडलेल्यांपैकी ८५ टक्के सुधारले किंवा बरे झाले. ज्यांच्या आतड्याची गतीच मंद होती त्यांच्यापैकी ८० टक्क्यांना, आणि दाराशी अडचण असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना गुण आला नाही.

पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन गुदद्वाराच्या दाबाची तपासणी, म्हणजे मॅनोमेट्री, आणि बलून टेस्ट करून घ्या. बलून टेस्टमध्ये पाणी भरलेला छोटा फुगा आत ठेवून तो किती वेळात बाहेर टाकता येतो ते पाहतात. दोष निघाला तर बायोफीडबॅकने, म्हणजे स्नायू आवळतात की सैल होतात ते यंत्रावर दाखवून, ते सैल सोडायला शिकवतात. औषधापेक्षा त्याचा गुण चांगला येतो. तोवर कमोडवर बसताना पायांखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या आणि दहा मिनिटांत उठा. मोबाईल बाहेर.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे. कधी तक्रार नव्हती, गेले तीन महिने पोट साफ होत नाही, वजनही उतरलंय. कुठलं चूर्ण द्यावं?

कुठलंच नको, इसबगोलही नको. या वयात नव्याने सुरू झालेलं बद्धकोष्ठ आणि उतरणारं वजन यांचं कारण आधी शोधावं लागतं. याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन बघतील, कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सुचवतील. लोहाच्या किंवा दुखण्याच्या नव्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर चिठ्ठ्या सोबत न्या. मधेच पोट फुगलं, उलट्या झाल्या, वारा सरणंही थांबलं, तर आठवडाभर थांबू नका, त्याच रात्री इस्पितळ गाठा.