कंपनीने शिकवलं, आता नोकरी सोडताय? आधी हिशेब मागा

या वेळच्या टपालात बाँडचीच, म्हणजे ‘ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरीन’ अशा कराराचीच पत्रं जास्त होती. सारखी वाटणारी एकत्र करून उत्तरं देतो आहे. सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगतो. बाँडवर छापलेला आकडा म्हणजे तुमचं कर्ज नव्हे. पण ‘असले बाँड कोर्टात टिकत नाहीत’ हे कँटीनमधलं ज्ञानही खरं नव्हे.

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रुजू होताना दोन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड लिहून घेतला. प्रशिक्षण म्हणजे सहा आठवडे कंपनीतल्याच सीनियर मंडळींनी घेतलेले तास. चौदा महिने झालेत, दुसरी ऑफर हातात आहे. दोन लाख भरावेच लागतील का?

तुम्हाला नोकरीत अडकवून ठेवायचा हुकूम कुठलंही कोर्ट देणार नाही. प्रश्न फक्त पैशांचा आहे, आणि तिथे भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७४ लागतं. करारात भरपाईचा आकडा लिहिला असला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा.

दिल्ली उच्च न्यायालयाचा २०११चा एक निकाल अशा वेळी मी नेहमी दाखवतो. सिक्पा इंडिया कंपनीचा कर्मचारी तीन वर्षांच्या बाँडपैकी दोन वर्षं काम करून गेला. कंपनीने दोन लाख मागितले. प्रत्यक्ष खर्च सिद्ध झाला ६७,५९५ रुपयांचा. तीनपैकी एक वर्ष राहिलं होतं, म्हणून त्याचा तिसरा हिस्सा, २२,५३२ रुपये, कंपनीच्या पदरात पडला. एवढ्यासाठी वकिलाची फी किती गेली असेल, देव जाणे.

तेव्हा ‘मी देणं लागत नाही’ अशा आवेशात लिहू नका. ‘माझ्या प्रशिक्षणावर झालेल्या खर्चाचा तपशील द्या, उरलेल्या काळाच्या प्रमाणात रक्कम ठरवू’ अशी ईमेल पाठवा. सहा आठवड्यांच्या घरगुती शिकवणीचा हिशेब दोन लाखांपर्यंत ताणणं कंपनीला जड जाईल. बहुतेक वेळा इथेच तडजोड होते.

प्रश्न : कंपनीने माझ्या एक्झिक्युटिव्ह एमबीएची ४ लाख ८० हजार फी भरली. पदवीनंतर तीन वर्षं राहायचं, नाहीतर पूर्ण रक्कम परत, असा करार आहे. पंचवीस महिने झाले. (नाशिक)

तुमची बाजू वरच्या पत्रापेक्षा नाजूक आहे, कारण इथे पावती आहे. फी खरोखर भरली गेली, पदवी तुमच्या नावावर आहे आणि ती तुम्ही बरोबर घेऊन जाणार आहात. त्यामुळे शून्यावर सुटण्याची आशा ठेवू नका.

मात्र छत्तीस महिन्यांपैकी पंचवीस तुम्ही भरलेत, म्हणजे कंपनीला त्या शिक्षणाचा बराचसा मोबदला मिळाला. अकरा महिने उरतात. त्या प्रमाणात रक्कम होते सुमारे १ लाख ४६ हजार ६६७. करारात ‘पूर्ण रक्कम’ लिहिलं असलं तरी बोलणी या आकड्यावरूनच सुरू करा. नवी कंपनी ही रक्कम भरते का, तेही विचारा. ‘बाँड बायआउट’ हा शब्द एचआरला नवा नाही. फक्त ती नव्या बाँडवर तर देत नाही ना, हे सहीपूर्वी वाचा. एका खुंट्याचं दावं सोडून दुसऱ्याला बांधून घेतलेले अशील मी पाहिलेत.

प्रश्न : सरकारी बँकेत अधिकारी आहे. तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख. खास असं प्रशिक्षण काहीच झालं नाही, मग वसुली कसली?

तुमच्यासाठी बातमी चांगली नाही. अगदी असंच प्रकरण ‘विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं. या अधिकाऱ्याने २००९ मध्ये तीन वर्षं पुरी होण्याआधी राजीनामा दिला, हरकत नोंदवून दोन लाख भरले आणि वसुलीला आव्हान दिलं. कर्नाटक उच्च न्यायालयात ते जिंकले. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. (तोवर विजया बँकही उरली नव्हती, २०१९ मध्ये ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली.)

न्यायालयाचं म्हणणं असं : नोकरी चालू असतानाच्या काळापुरती अट ही धंदा-व्यवसायावरची बंदी ठरत नाही, त्यामुळे अशी बंदी घालणारे करार रद्द ठरवणारं करार कायद्याचं कलम २७ आड येत नाही. शिवाय सरकारी बँकेला जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती करावी लागते. मध्येच माणूस गेला की तो खर्च पुन्हा. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने दोन लाख अवाजवीही वाटले नाहीत. खासगी कंपन्या हा निकाल हल्ली प्रत्येक नोटिशीत चिकटवतात, पण त्यातला भर सार्वजनिक बँकेच्या भरतीवर आहे, हे त्यांच्या वकिलांनाही ठाऊक असतं.

प्रश्न : केंद्र सरकारी नोकरीत अध्ययन रजा घेऊन शिकलो. परतल्यावर वर्षभरात सोडली तर?

परतल्यावर तीन वर्षं सेवेचा बाँड तुम्ही दिलेला असणार. आधी सोडल्यास रजावेतन, भत्ता, फी हा खर्च व्याजासह मागितला जातो. दुसऱ्या सरकारी खात्यात जात असाल, तर अर्ज योग्य मार्गाने आपल्या कार्यालयातूनच पाठवा. उरलेला बाँड तिकडे वर्ग करण्याची सोय आहे. परस्पर राजीनामा दिलात, तर ही वाट बंद होऊ शकते.

प्रश्न : कंपनीने मूळ पदवी प्रमाणपत्र ठेवून घेतलंय. शिवाय बाँडचे पैसे ग्रॅच्युइटीतून कापू म्हणतात.

प्रमाणपत्र तुमचं आहे, ते तारण म्हणून अडवण्याचा हक्क कंपनीला नाही. लेखी मागा, नाही दिलं तर वकिलाची नोटीस द्या. बहुधा नोटीस पोहोचली की कपाट उघडतं.

ग्रॅच्युइटीला हात लावता येत नाही. कायद्यात ती रोखण्याची कारणं ठरलेली आहेत आणि राजीनामा त्यांत बसत नाही. पीएफही सुरक्षित आहे. शेवटच्या पगारातून मात्र काही रक्कम कापतात, तेव्हा ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर घाईने सही नको. करावीच लागली, तर ‘हक्क राखून’ असं हाताने लिहून करा.

प्रश्न : बाँडच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी मागतात. बरोबर आहे का?

नाही. ३ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात (क्रमांक १७८) केंद्रीय कर मंडळाने स्पष्ट केलंय की बाँड मोडल्याची वसुली ही सेवेची किंमत नव्हे. तो परिपत्रक क्रमांक एचआरला कळवा.

प्रश्न : बाँडवर वडिलांची जामीनदार म्हणून सही आहे आणि माझा सही केलेला कोरा चेक कंपनीकडे आहे.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुम्हाला सोडून थेट वडिलांवर दावा लावता येतो, त्यामुळे त्यांना अंधारात ठेवू नका. चेकचं दुखणं मोठं आहे. तो वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातल्या (चेकबाबतचा कायदा) कलम १३८ची फौजदारी तक्रार होऊ शकते. बँकेत ‘पेमेंट थांबवा’ सांगितल्याने ती टळत नाही. राजीनाम्याबरोबरच कंपनीला लेखी कळवा : रकमेबद्दल वाद आहे, हिशेब द्या, तोवर चेक भरू नये. तरीही भरला आणि नोटीस आली, तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवस हातात असतात. त्या पंधरा दिवसांत वकील गाठा, सोळाव्या दिवशी नको.