अळसांद्याच्या गाठी हिरव्या का?

प्रश्न : भात कापल्यावर आम्ही अळसांदे (चवळी) पेरतो. यंदा सखल कोपऱ्यात पाणी तुंबलं, रोपं पिवळी पडली. उपटून मुळांवरच्या गाठी फोडल्या तर आत हिरवट. वरच्या भागातल्या रोपांच्या मात्र लालसर. बीएस्सी करणारी पुतणी म्हणते, 'नायट्रिक ऑक्साइडमुळे.' तो तर गाड्यांच्या धुरातला वायू ना?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : धुरातलाच. आणि तुमच्या-माझ्या रक्तवाहिन्या सैलावतात त्याही याच वायूमुळे. या शोधाला १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा पुतणीला उडवून लावू नका.

चांगली गाठ नखाने चिरली की नखाला गुलाबी रस लागतो. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात ते नायट्रोजिनेज या विकराने (एन्झाइमने), आणि हा विकर ऑक्सिजनने बिघडतो. पण जिवाणूंना श्वसनाला ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन तो मोजूनमापून पोचवतं.

आता नायट्रिक ऑक्साइड. जिवाणू मुळात शिरतात, गाठ धरू लागते, तेव्हा झाड तो स्वतःच तयार करतं. तिथे तो निरोप्याचं काम करतो, हवाच असतो. गाठ कामाला लागली की मात्र त्याचं प्रमाण वाढून चालत नाही, कारण तो नायट्रोजिनेजलाच अडवतो. म्हणून त्याची विल्हेवाट दोन्ही बाजूंनी लागते : झाडाकडून लेगहिमोग्लोबिन, जिवाणूंकडून त्यांचे विकर. लसूणघासाच्या जातभाईवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. जिवाणूंमधला असा एक विकर काढून टाकला तर गाठी लवकर म्हाताऱ्या झाल्या. जास्त दिला तर उशिरा.

पाणी तुंबलं की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. मग झाड आणि जिवाणू दोघेही नायट्रेटवर निभावून नेतात. नायट्रेटचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रिक ऑक्साइड. थोडीफार ऊर्जा मिळते, गाठ लगेच मरत नाही, पण नायट्रोजन पकडणं थंडावतं. असं लांबलं की लेगहिमोग्लोबिन मोडून हिरवट होतं. म्हणजे एकट्या नायट्रिक ऑक्साइडवर खापर फोडू नका. मूळ गुन्हेगार तुंबलेलं पाणी.

त्या कोपऱ्यातून बांधापर्यंत चर मारा. रोपं पिवळी दिसली म्हणून युरिया मात्र फेकू नका. त्याचं मातीत नायट्रेट होतं, आणि आयतं नायट्रेट मिळालं की झाड नव्या गाठी धरायला कंटाळतं. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी दोन-तीन रोपं हलक्या हाताने खणून कोवळ्या मुळांवरच्या गाठी चिरून बघा. शेंगा भरलेलं झाड मात्र तपासायला घेऊ नका. त्याच्या गाठी कोरड्या जमिनीतही हिरवट होतात.