निबेवरचा गरुड काय सांगतो?

प्रश्न : आजोबा पुदुच्चेरीत नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत काळं-हिरवं, संगमरवरी नक्षीचं शाईपेन सापडलं. निबेवर '18 कॅरट' आणि एक इवलासा पक्षी आहे, क्लिपवर 'डेपोझे' कोरलेलं आहे. डेपोझे कंपनीची माहिती कुठेच मिळत नाही. इतवारीतल्या सराफांनी निब सोन्याची असल्याचं सांगितलं, पुढे काही नाही. (धरमपेठ)

उत्तर : कंपनीच नाही, तर माहिती कुठून मिळणार? 'डेपोझे' म्हणजे फ्रेंचमध्ये 'नोंदणीकृत'. असे आणखी दोन-तीन शब्द लोकांना ब्रँड वाटतात. 'प्लाके ओर' म्हणजे सोन्याचा पत्रा किंवा मुलामा, भरीव सोनं नव्हे. 'स्टिलो' म्हणजे नुसतंच पेन. 'ब्रेव्हते एस.जी.डी.जी.' म्हणजे पेटंट आहे, पण सरकारची हमी नाही. ही अक्षरं 1844च्या कायद्याने आली आणि 1968 मध्ये बंद झाली, त्यामुळे ती दिसली की पेन त्याआधीचं धरायला हरकत नाही.

आता पक्षी. सराफी भिंगाखाली, दहापट तरी मोठा करून, निब तिरकी धरून पाहा. नुसतं गरुडाचं डोकं असेल तर ती 18 कॅरट सोन्यावरची फ्रेंच सरकारी छाप आहे, 1838 पासूनची. घुबड असेल तर सोनं बहुधा परदेशातून फ्रान्समध्ये आलेलं. म्हणजे अमेरिकन नावाच्या पेनावर गरुड दिसला, तर ती निब बहुधा फ्रान्समध्येच बनलेली. पण हे सगळं निबेपुरतं झालं. निब ही पेनातली सगळ्यात सहज बदलली जाणारी वस्तू; दुरुस्तीवाले हाताशी असेल ती बसवून देत. त्यामुळे निबेवर फक्त 'कॅरट' आणि छाप असेल, नाव नसेल, तर तिच्यावरून कंपनी ठरवू नका. सराफांना कसोटीवर मात्र घासू देऊ नका. ओरखडा कायमचा राहील आणि कळेल तेवढंच, जे गरुड फुकट सांगतो.

कंपनी शोधायची ती नळीवर. खोलीत अंधार करून टॉर्च नळीला अगदी समांतर धरा आणि नळी हळूहळू फिरवा. पुसट अक्षरं सावलीने उठतात. तरीही नाही दिसली तर चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने चोळून मऊ कपड्याने पुसा, खाचांत पांढरं उरतं. ब्रासो, टूथपेस्ट काही लावू नका, उरलीसुरली अक्षरंही जातील. मग टोपणाचा काठ, क्लिपची मागची बाजू आणि लिव्हर (शाई भरायला उचलायची नळीवरची पट्टी) पाहा. बायार, स्टिलोमिन, एदाकोतो, मालाट, जिफ-वॉटरमन ही फ्रेंच कंपन्यांची नावं मिळाली तर काम सोपं. 'गोल्ड स्टारी' इंग्रजी वाटतं, पण पेन फ्रेंचच. बरीच पेनं मात्र स्टेशनरीच्या दुकानांनी आपल्या नावाने बनवून घेतलेली असत. तिथे नाव दुकानाचं निघतं, कारखान्याचं नव्हे.

शेवटी शाई भरायची तऱ्हा. नळीला लिव्हर असेल तर आत रबरी पिशवी. तळाचं छोटं टोपण फिरवून निघालं आणि खाली दाबायचं बटण दिसलं, तरीही पिशवीच. स्टिलोमिन 303 मध्ये पिशवी पेटीच्या भात्यासारखी असते. लिव्हर नाही, बटण नाही, नळी नुसती पोकळ, म्हणून 'आतलं काहीतरी हरवलंय' असं घाईने समजू नका. जिफ-वॉटरमनने 1936च्या सुमाराला काचेची शाईनळी आणली होती, ती बसवायची जागा तशीच रिकामी दिसते. ड्रॉपरने भरायचं पेन असेल तर नळी आतून शाईने डागळलेली असते आणि आटे बारीक, घट्ट असतात.

प्रश्न : फ्रेंच पेन आहे. तळाची गुंडी फिरवली की निब वर येते, उलटी फिरवली की आत जाते. भरल्यावर गुंडीपाशी शाई झिरपते. (महाल)

उत्तर : हे सेफ्टी पेन. फ्रान्समध्ये इतर देशांच्या मानाने ते बरंच उशिरापर्यंत चाललं. गुंडीच्या दांड्याभोवती बुचाची चकती असते. ती वाळून आकसते, नागपूरच्या उन्हाळ्यात तर लवकरच. चकती बदलणं हाच इलाज. मेणाने बुजवलं तर गुंडी अडकते. निब फिरत नसेल तर जोर लावू नका, आतली कळ मोडेल. निब आत असताना तोंडातून थंड पाण्याचे चार-पाच थेंब टाका, तोंड वर करून रात्रभर उभं ठेवा, पाणी ओता, पुन्हा करा. कोमट पाणी नको, एबोनाइट, म्हणजे नळीचं कडक रबर, तपकिरी पडतं. निब वर असताना टोपण लावलं की टोक गेलंच. शाई नेहमी निब आत घेऊन, काठाच्या थोडी खालीपर्यंत भरायची. नळीवर बाहेरून सोनेरी जाळी असेल, तर ती खरी की मुलामा, हे छापेच्या आकारावरून पाहा: कारागिराची खूण पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात असेल तर मौल्यवान धातू, चौकोनात असेल तर मुलामा.

प्रश्न : नळी सेल्युलॉइडची की आणखी कशाची, सुई तापवून टोचून पाहू का? (सदर)

उत्तर : अजिबात नाही. सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लास्टिक, ते पेटतं. अंगठ्याने गरम होईपर्यंत चोळून वास घ्या. कापराचा आला तर सेल्युलॉइड, गंधकाचा आला तर एबोनाइट. दोन्ही नसतील तर गॅलालिथची, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेली असू शकते. ती पाण्यात फुगते, तडकते. म्हणून कळेपर्यंत कोणतंच पेन बुडवून ठेवू नका, ओलसर कपड्याने पुसा. मे महिन्यात गाडीत विसरू नका. आत जुनी पिशवी चिकट झाली असेल तर आधी ती काढा, तिच्या वाफेनेच फिकट सेल्युलॉइड आतून काळं पडतं.