पोरगा मिस्साला येत नाही, बाप म्हणून मी कमी पडलो का?

आमच्या वसईत काउन्सेलिंगला एकटा बाप येणं फार क्वचित. येतात त्या आयाच, आणि बाप सोबत आलाच तर चपला काढतानाच सांगून टाकतो की मॅडम मला काही प्रॉब्लेम नाही, पोराशी बोला. म्हणून हे गृहस्थ स्वतःहून आले तेव्हा मला बरं वाटलं. नाव-गाव सांगत नाही, एकदोन तपशीलही बदललेत, पण असे बाप निर्मळ-नंदाखालपासून पापडीपर्यंत कुठेही भेटतील. वय पन्नाशीच्या आसपास, ऑफिस चर्चगेटला, सकाळी अंधारात घर सोडायचं ते रात्री नऊला परत. घरची केळीची वाडी होती, आता अर्ध्या जागेत बिल्डिंग उभी आहे. चर्चमध्ये मान आहे, रविवारी बायबलचं वाचन करतात, सणाच्या कमिटीत असतात. आणि मुलगा, बारावी सायन्स, मिस्साला, म्हणजे रविवारच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, येत नाही.

म्हणजे रविवारी सकाळी काय व्हायचं तर आधी मम्मी दोनदा हाक मारणार, मग पप्पा पंखा बंद करणार, मग चादर ओढणार, मग वायफाय बंद, मग मोबाइल जप्त, मग तो उठणार पण शर्ट मुद्दाम चुरगळलेला घालणार, आणि चर्चला पोचल्यावर आत न येता आवारात झाडाखाली उभा. एकदा बापाचं वाचन चालू असताना हा बाहेर, तर नातेवाइकांपैकी कोणीतरी त्याला विचारलं, काय रे, बापूस आत वाचतोय नि तू इथे? ते घरी कळलं आणि त्या दिवशी बापाने हात उगारला. मारलं नाही. पण तेव्हापासून बोलणं बंद.

त्यांचा प्रश्न एकच होता, मॅडम मी बाप म्हणून कमी पडलो का?

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की लगेच उत्तर द्यायचं टाळते. आधी मुलाला एकट्याला भेटते, आणि तिथे देवाबद्दल काहीच विचारत नाही. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, मित्र आहेत का, आणि हे नक्की विचारते की चर्चमध्ये किंवा क्लासमध्ये किंवा कुठेही कोणी तुझ्याशी वाईट वागलं का. कारण "जायचं नाही" ह्याच्या मागे कधीकधी भलतंच काहीतरी असतं आणि तेव्हा श्रद्धेवर लेक्चर देत बसणं म्हणजे पोराला आणखी एकटं पाडणं. सुदैवाने इथे तसं काही नव्हतं. पोरगा हुशार, थोडा खवचट, फुटबॉलवर बोलायला लागला की थांबत नाही.

मग तो सहज बोलून गेला ते ऐका. म्हणे, दहावीला क्लासची टेस्ट सिरीज रविवारी सकाळी असायची, तेव्हा पप्पाच म्हणाले होते की ह्या वर्षी मिस्सा राहू दे, मार्क महत्त्वाचे, देव समजून घेतो. अख्खं वर्ष. मग दहावी संपली आणि अचानक मिस्सा चुकवणं मोठं पाप झालं. "मॅडम, मार्कांसाठी चालतं तर झोपेसाठी का नाही?"

आता ह्यावर काय बोलणार! पोरगं लॉजिक बरोबर शिकलं होतं, शिकवणाऱ्यालाच आपण काय शिकवलं ते आठवत नव्हतं. आणि रविवारची मिस्सा शनिवारी संध्याकाळीही चालते, हे वसईतल्या कुठल्या कॅथलिक घराला माहीत नाही? पण शनिवारी संध्याकाळी दुसरी बॅच होती ना.

बापाला हे सांगितलं तर आधी चिडले. म्हणाले मग काय फेल होऊ द्यायचं होतं? मी वाद घातला नाही, मी धर्मगुरू नाही, पाप किती मोठं ते फादरांना विचारा. मी फक्त विचारलं की पोराच्या बाप्तिस्म्याला शेवटी आईला वेगळा आणि बापाला वेगळा आशीर्वाद दिला होता, त्यात आईबाप मुलाचे श्रद्धेतले पहिले शिक्षक असं म्हटलं होतं, आठवतं का? म्हणाले, फोटोग्राफर आठवतो. स्वतःच हसले. मग म्हणाले, घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, बायकोने शिकवली, धर्मशिक्षण सिस्टरांनी दिलं, मी फी भरली आणि गाडी चालवली. संत योसेफाचा बायबलमध्ये एक शब्द नाही मॅडम, आम्ही कोणाकडून शिकायचं? म्हटलं शब्द नाही, पण बारा वर्षांचा येशू हरवला तेव्हा आईबरोबर तोही शोधत होता, आणि तीन दिवसांनी सापडल्यावर पोरगं काय म्हणतंय ते दोघांनाही कळलं नाही, असं सरळ लिहिलंय. तिथे ते गप्प झाले.

हे असं होण्यात बापाचीच सगळी चूक असते असं मला वाटत नाही. आजोबा दिवसभर वाडीत असायचे, पोरं मागेमागे फिरायची, आजोबांची प्रार्थना, शिव्या, घाम सगळं डोळ्यांसमोर. आताचा बाप आठवड्यातले सहा दिवस विरार फास्टमध्ये, आणि सातव्या दिवशी पोराला दिसतो तो हजेरी घेणारा. पोराने बापाला गुडघे टेकलेलं बघितलंय ते फक्त माणसांसमोर.

म्हणून मी दोनच गोष्टी सांगितल्या. रविवारी सकाळी उठवायचं नाही, मोबाइल परत द्यायचा, आपण जायचं आणि येताना तोंड पाडून यायचं नाही. हे ऐकून पोराच्या आईने माझ्याकडे जे बघितलं ते अजून लक्षात आहे. दुसरी गोष्ट, आठवड्यात एक काम दोघांनी मिळून करायचं ज्यात चर्चला येतोस का हा विषय निघणार नाही.

काम त्यांनीच निवडलं. २ नोव्हेंबर, मृतांचा दिवस, जवळ आला होता, आजोबांची कबर साफ करायची होती. दरवर्षी माणूस लावायचे. ह्या वेळी तारेचा ब्रश, बादली आणि चुना घेऊन दोघंच गेले. शेवाळ खरवडता खरवडता बाप बोलले, की आजोबा आजारी होते तेव्हा मी देवावर इतका रागावलो होतो की दोन वर्षं प्रार्थना केली नाही, मिस्साला जायचो ते आई बघते म्हणून, शेवटच्या बाकावर. हे बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. पोरगा म्हणाला, मग माझ्यावर का ओरडता? बाप म्हणाले, भीती वाटते म्हणून. उद्या तू कॅनडाला जाशील, एकटा पडशील, तेव्हा तुझ्याकडे काय असणार? पोराने उत्तर दिलं नाही, ब्रश मात्र खाली ठेवला नाही. हे मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि गंमत म्हणजे दोघांनी जवळपास सारखंच सांगितलं.

ज्यांना वाटतं की आता मुलगा पहिल्या बाकावर बसत असेल, तसं काही नाही. कधी येतो, कधी नाही. बाप विचारत नाहीत, पण आतून तडफडतात, तेवढं मला फोनवर ऐकवतात. आई माझ्यावर अजून नाराज आहे, तुम्ही त्याला सूट दिलीत म्हणते, आणि तिचं सगळंच चुकीचं आहे असं नाही, घरातली इतक्या वर्षांची रोझरी तिनेच टिकवलीय.

आता धाकटी दहावीला गेली. क्लासने परत रविवार सकाळची टेस्ट लावली. ह्या वेळी बाप ऑफिसला हाफ डे टाकून क्लासमध्ये गेले, बॅच बदला म्हणाले, क्लासवाल्यांनी नाही सांगितलं. मग त्यांनी तिची शनिवार संध्याकाळची बॅच सोडली, त्या विषयाला दुसरी शिकवणी शोधतायत, आणि शनिवारी तिला घेऊन मिस्साला जातात. पोराने हे सगळं बघितलं आणि पहिली कमेंट केली ती अशी, की माझ्या वेळी का नाही केलंत. बापाने मला विचारलं ह्याला काय उत्तर देऊ. मी म्हटलं, त्याचं बरोबर आहे असं सांगा.